ओंजळभर देवभात

१४ नोव्हेंबर २०२४

आज चिरनेरच्या अलीकडच्या त्या गावात जाऊन आले. वेणूकाकींच्या घरामागच्या तळ्यात देवभात पिकलंय, असा त्यांच्या सुनेचा, मालूचा, परवाच फोन आला होता. देवभात म्हणजे आपल्या भाताचा रानातला भाऊबंद. कोणी पेरत नाही, कोणी कापत नाही. तळ्यात आपलं आपण उगवतं आणि दाणा पिकला की हात लावायच्या आत पाण्यात गळून पडतं. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नसतं, म्हणून गावच्या बायका आता कार्तिकात हे गोळा करतात आणि भाद्रपदापर्यंत जपून ठेवतात.

मला ते वेगळ्याच कारणासाठी हवंय. इथला राता भात खाऱ्या शेतातही तग धरतो. तो गुण त्याने या तळ्यातल्या नातेवाइकाकडून उचलला का, हे मला दोघांचे जीनोम शेजारी ठेवून पाहायचंय. शिवाय तळ्याचं नशीबही आमच्या अहवालावर टांगलेलं आहे. वेणूकाकींचा मुलगा हरेश बिल्डर आहे, त्याला तिथे भराव टाकून गोदाम बांधायचंय. काकी ऐकत नाहीत. शेवटी मायलेकांनी आमच्या लॅबच्या प्रमुखांसमोर, सत्यजीत सरांसमोर, ठरवलं, की तळ्यातलं भात खरोखर रानातलं निघालं तर तळं राहील, नाहीतर हरेशच्या मनासारखं होईल.

आता गाढवपणा. सकाळी खांदा कॉलनीतून निघाले आणि पळस्पे फाट्याशी पाळी आली. पॅड होतं, गोळी होती, गमबूट होते, अडचण काहीच नव्हती. पण तळ्यावर पोचले तेव्हा वेणूकाकी काठाला हळदकुंकू वाहून हात जोडून उभ्या होत्या, आणि माझे पाय बांधावरच थिजले. हे व्रतच मुळी पाळीतल्या शिवाशिवीचं पाप फेडायला करतात, आणि त्याच व्रताच्या भातात मी तशी उतरणार. त्यांच्या श्रद्धेला धक्का लागायला नको, असं मी मनाशी म्हटलं. ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं म्हणजे साताऱ्याच्या घरातला आईचा आवाज, शिवू नकोस गं कशाला. अडतीस वर्षांची बाई मी, नावापुढे डॉक्टर लावते.

कंबर धरलीय, मी इथेच बसते, असं सांगितलं. वेणूकाकींनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, मग बांधावर जरा बाजूला गोणपाट अंथरलं आणि आलं घातलेला चहा पाठवला. शहरातल्या पाहुणीचं कौतुक. मालू बिचारी कमरेभर पाण्यात. तिचाही चेहरा ओढलेला होता, मधूनमधून पोटावर हात दाबायची आणि ओवा तोंडात टाकायची. ॲसिडिटी असावी. दोन-चार लोंब्या एकत्र बांधून खाली टोपली धरायची आणि हलकेच झटकायचं, अशी त्यांची पद्धत.

मी स्वतः रोपारोपाशी जाऊन, जागा टिपून, एकेक लोंबी वेगळ्या पाकिटात घ्यायला हवी होती. त्याऐवजी दुपारी वेणूकाकी माझी पाकिटं घेऊन घरात गेल्या आणि तोंडापर्यंत भरून आणून दिली. एवढं भात निघालं याचं मला नवल वाटलं आणि बरंही वाटलं. त्यावर मी लिहिलं, ‘स्वतः गोळा केले’.

१६ नोव्हेंबर

सर पाकिटं बघून खूश. पहिल्याच फेरीत एवढा दाणा कोणी आणला नव्हता म्हणे. मी हसले. पुन्हा जाऊन यावं असं मनात होतं, पण एव्हाना सगळा दाणा गळून चिखलात गेला असेल. ही अडचण खरी आहे आणि मला सोयीचीही आहे.

बियाणं रुजत घातलं. प्रत्येक रोपाचा वेगळा जीनोम वाचायचा खर्च झेपणारा नाही. सगळ्या रोपांची पानं एकत्र कुटून एकच नमुना करू असं ठरलं. थोडं बी शीतकपाटात ठेवलंय.

९ मार्च २०२५

काल महिला दिन. आमच्या कॉलनीच्या सभागृहात भाषण दिलं, विषय ‘पाळी आणि विज्ञान’. गेली चार वर्षं मीच देते. लोणच्याला हात लावला तर बुरशी येते का, देवघरात गेलं तर काय होतं, अशी एकेक समजूत घेऊन मी तिची टर उडवते आणि बायका पोट धरून हसतात. काल शेवटी एक मुलगी उठली. अकरावीतली असेल. म्हणाली, “मॅडम, सगळं कळतं. पण घरात सगळे बघत असतात तेव्हा पाय पुढे टाकायचा कसा?”

मी म्हटलं, पहिलं पाऊल कठीण असतं, मग सवय होते. टाळ्या पडल्या. ती मुलगी टाळ्या वाजवत नव्हती, माझ्याकडे बघत होती. घरी येऊन मी कपाटाची उगीचच आवराआवर करत बसले. सुशांतने, माझ्या नवऱ्याने, विचारलं की भाषण पडलं का. पडलं असतं तर बरं झालं असतं.

१७ जून

निकाल आला. तळ्यातल्या भाताच्या जीनोममध्ये रात्या भाताचे तुकडे आहेत, आणि थोडेथोडके नाहीत, मोठमोठे, सलग. जुना संकर असता तर पिढ्यानपिढ्या तुटून त्यांचे बारीक चुरे झाले असते. इतके सलग तुकडे म्हणजे एकतर कालपरवाचा संकर, किंवा नमुन्यात सरळसरळ शेतातलं भात मिसळलंय.

दुसरी शंका मला आधी आली. पाहताक्षणी आली. टोपली, सूप, घरातून भरून आलेली पाकिटं, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. सरांनी विचारलं, “अनुया, गोळा करताना सरमिसळ व्हायला काही वाव?”

खोलीत चार पुरुष होते. नाही म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढाच हो म्हणायला लागला असता. पण हो म्हटलं की तू कुठे होतीस हा प्रश्न येणार, बांधावर म्हटलं की का, आणि का म्हटलं की. मी म्हटलं, “नाही सर, मी स्वतः तोडलंय.”

मग संकरच असणार, असं सर म्हणाले. माझा शब्द त्यांना पुरतो. नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली आहे, माझं पाकीट त्यांनी कधी उघडून पाहिलेलं नाही.

५ जुलै

अहवाल गेला. ‘तळ्यातील भात शुद्ध वन्य स्वरूपात उरलेले नसून लागवडीच्या भाताशी मोठ्या प्रमाणावर मिसळलेले आहे.’ खाली माझीही सही.

शुद्ध हा शब्द मला मुळातच पटत नाही. गवताच्या घराण्यात शुद्ध असं काही नसतं. गहू तर तीन गवतांचे जीनोम एकात घेऊन बसलाय आणि जगभर मानाने खाल्ला जातोय. भाताचं आणि रानभाताचं तर बांधावरून येणंजाणं चालूच असतं. माणसाने भातातलं एवढंच निवडलं, की दाणा गळू नये, आपण येईपर्यंत लोंबीला धरून बसावा. हे सगळं मला सरांना सांगता आलं असतं, की थोडं मिसळलं म्हणून तळ्याची किंमत कमी होत नाही. पण मी तोंड उघडलं की पुढे काय निघेल याची धास्ती. शास्त्राचा मुद्दाही मी लाजेपायी गिळला.

१२ जुलै

हरेशचा फोन आला, आभार मानायला. चांगला बोलतो. “मॅडम, आईचं समाधान झालं ना, माझ्यासाठी तेवढंच होतं.” मी विचारलं, समाधान म्हणजे काय म्हणाल्या. काही नाही, दोन दिवस जेवली नाही, वय झालंय, असं म्हणाला.

फोन ठेवल्यावर चहा केला. उतू गेला.

२८ ऑगस्ट, ऋषिपंचमी

आमचा गणपती दिरांकडे पुण्याला असतो. सुशांत परवाच गेला, मी लॅबचं काम सांगून राहिले. सकाळी मालूचा फोन, सासूबाई बोलवतायत, जेवायलाच या. नाही म्हणायला तोंड नव्हतं, आणि जायलाही.

रस्त्यालाच मुरुमाचे ढीग दिसले. तळ्याचा रस्त्याकडचा निम्मा भाग बुजलाय. मी मागच्या वर्षी बसले होते तो बांध शोधला, सापडला नाही. उरलेल्या पाण्यात देवभात हिरवंगार उभं होतं, अजून फुलोरा नव्हता. दोन डंपर बंद उभे होते, गणपतीची सुट्टी म्हणून.

घर मोठं, दोन मजली, सिडकोच्या मोबदल्यानंतर बांधलेलं, दारात दोन गाड्या. वेणूकाकी स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या. त्यांनी मला पानावर वाढलं. कंदमुळांची मिसळ भाजी, परसातली काकडी, आणि लालसर मऊ भात. स्वतःच्या पानात भात नव्हता. मी विचारलं तर म्हणाल्या, “तुमीच लिवलाव ना, यो देवभात नाय. मना आता खावाचा नाय. हाय तो तुमी खा, तुमाला उपास नाय.”

घास घेतला. मातीचा वास येतो त्याला, आणि गोडसर लागतो. मग त्यांनी डोळे न वळवता विचारलं, “इतकी वर्सं आमी उपासाला शेतातलाच खाल्लाव काय? माजी सासू, तिची सासू, समद्या?” आवाज चढा नव्हता. हिशेब लागत नसला की माणूस विचारतो तसं विचारलं. मला वाटलं, जमिनीने मला पोटात घ्यावं.

मी म्हटलं, काकी, चूक माझी आहे. त्या दिवशी मी तळ्यात उतरलेच नाही. पाकिटात काय आलं मला ठाऊक नाही. तुम्ही कशातून भरलंत?

त्या सहज म्हणाल्या की मालूच्या टोपलीतलंच. फक्त पाकिटं अर्धीच भरली. पाहुणीच्या हातात अर्धी ओंजळ द्यायची नसते, आमच्यात रीत नाही, म्हणून कणगीतला काळा राता वरून ओंजळभर घातला. “दिसाला सारकाच. मना काय ठावं तुमी त्याची येवढी चिरफाड कराल.” मालू खाली मान घालून हसली.

मला हसू येईना. कारण आता सगळंच सांगायला हवं होतं. म्हटलं, मला पाळी आली होती, म्हणून बसले. तुमच्या देवाचं भात, तुम्हाला चालणार नाही, म्हणून.

वेणूकाकी माझ्याकडे बघतच राहिल्या. मग मालूकडे पाहिलं. मग पदर तोंडाला लावला.

“बाय, ते मना तवाच कळला व्हता. तू हात पोटाशी धरून बसलीस, म्हनून तर आल्याचा चहा दिला. मना वाटला, तूच पाळतेस. डॉक्टर झाली, पन घरचा वळन हाय, आपन कशाला मोडावा? म्हनून गोनपाट बाजूला टाकला. नायतर मीच सांगितला असता, उतर म्हनून.”

“आणि तुम्ही?”

“आमी कदी सोडला ते. दाना थांबतो काय चार दिस? हात लावायच्या आदी गलतो. चार दिस घरात बसलाव तर वरीसभर खावाचा काय? माज्या सासूनंच सोडला.” मग मालूकडे हनुवटी वळवून म्हणाल्या, “ही बग ना. त्या दिशी हीपन तशीच व्हती. कमरेभर पान्यात.”

ओवा. ॲसिडिटी म्हणे.

त्यांच्या श्रद्धेला जपायला म्हणून मी बांधावर बसले, आणि त्या माझ्या अंधश्रद्धेला जपायला म्हणून गप्प राहिल्या. दाणा गळतो, एवढ्या एका कारणाने काकींच्या सासूच्या काळातच त्यांनी जे सोडलं, ते मी दर मार्चमध्ये टाळ्या घेऊन सोडते आणि नोव्हेंबरात उचलून घेते. मला रडू आलं. वेणूकाकींनी पानावर आणखी भात वाढला आणि म्हणाल्या, आता जेव, रडून काय व्हनार, अन्न हाय.

मी विचारलं, उपास तुम्ही तरी कशासाठी करता मग, ते पाप मानत नाही तर? म्हणाल्या, बैलाला एक दिवस सुट्टी. आता बैल नाहीत, पॉवर टिलर आहे. तरी करावा.

निघताना त्यांनी हरेशला हाक मारली आणि डंपरच्या चाव्या मागितल्या. तो म्हणाला, आई, अहवाल आलाय. त्या म्हणाल्या, “अहवालवाली हितं रडते. चाव्या दे.” चाव्या त्यांनी कनवटीला खोचल्या. पण हरेशने मला गाडीपर्यंत सोडलं आणि नीट सांगितलं, की आईचा राग आठवडाभर टिकतो, काम थांबवायचं तर त्याला कागद हवा. आधीचा जसा कागद होता तसा.

२९ ऑगस्ट

शीतकपाटातलं राखलेलं बी काढून भिंगाखाली धरलं. काही दाण्यांना रानभाताचं लांब कुसळ आहे, काहींना नाहीच, ते रात्याचे. नोव्हेंबरमध्येही हे दिसलं असतं. पाहिलंच नव्हतं, कारण पाहिलं असतं तर दिसलं असतं.

१ सप्टेंबर

सरांना सांगितलं. दार लावून घेतलं, आणि चार दिवस पाठ केलेलं वाक्य भलत्याच क्रमाने बाहेर पडलं. पाळी हा शब्द आला तेव्हा ते टेबलावरचा पेपरवेट उचलून त्याच्याकडे बघू लागले. रागावले असते तर सोपं गेलं असतं. मग म्हणाले, “एवढंच होतं तर त्याच दिवशी फोन करायचा. रुचिराला पाठवलं असतं.” रुचिरा आमची नवी सहकारी.

एवढंच होतं, हे खरं. एवढंच होतं म्हणूनच.

अहवाल मागे घ्यायचा, हरेशला आजच काम थांबवायचं पत्र जायचं आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा नमुने घ्यायचे, असं ठरलं. ते उठता उठता म्हणाले, कारण लेखी द्यावं लागेल, आणि थोडं अडखळून, माझ्याच भल्यासाठी, पुढे म्हणाले, ‘प्रकृती अस्वास्थ्यामुळे’ असं लिही, पुरेसं आहे.

मी तसं लिहिलं. सही करताना सभागृहातली ती मुलगी आठवली.

२० सप्टेंबर

पत्र पोचलं, काम थांबलंय. भरलेला मुरूम काढायला हरेश तयार नाही. तो म्हणतो, ती चूक माझी नाही. बरोबर आहे.

सुशांतला सगळं सांगितलं. तो म्हणाला, तू उगीच मनाला लावून घेतेस, बायकांचं असतंच तसं. माझा नवरा चांगला आहे. मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसले.

११ नोव्हेंबर २०२५

आज नमुने घ्यायला गेलो. या वेळी सर स्वतः आले, कॅमेरा घेऊन, हरेशही कंत्राटदाराला घेऊन उभा होता. देवभात पिकलेलं होतं, काळसर लोंब्या, वारा आला की दाणे पाण्यावर टपटप. मालू आधीच पाण्यात होती.

मी गमबूट चढवत होते. वेणूकाकी काठावरून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “काय गो, आज बसतेस का उतरतेस?”

सरांनी कॅमेऱ्याची पट्टी नीट करायला घेतली. हरेश मोबाइलमध्ये बघू लागला. काकी थांबल्या होत्या, त्यांनी चेष्टा केली नव्हती. सकाळी येतानाच, पळस्प्याच्या जवळपासच, पोटात कळ आली होती. हसावं की रडावं कळेना.

मी म्हटलं, “आज पाळीचा पहिला दिवस आहे. उतरते.”

मालूने हात पुढे केला. पाणी थंडगार होतं, चिखलात बूट रुतला, मी पडता पडता वाचले. पहिल्या लोंबीला हात लागायच्या आत निम्मे दाणे गळाले. दुसरीला मी खाली पाकीट आधी धरलं. एकेक रोप, एकेक पाकीट, दुपारपर्यंत पोट आवळून धरत काम केलं. काही पाकिटांत चारपाचच दाणे आहेत. वेणूकाकींनी ती पाहिली, त्यांना ते फार खटकलं, पण त्यांनी वरून काही घातलं नाही.

निकाल काय येईल माहीत नाही. रात्याचे तुकडे याही भातात सापडतील, जुने, बारीक, आणि या भाताचे रात्यात. मग मला कोणासमोर तरी उभं राहून सांगावं लागेल, की मिसळलेलं असूनही हे जपायला हवं. या वेळी सांगेन. हरेश ऐकेल की नाही, ते मात्र माझ्या हातात नाही.

सगळं आटपल्यावर सर म्हणाले, नोंदीसाठी फोटो हवा, गेल्या वर्षी तू नेमकी कुठे बसली होतीस ते दाखव. मी आणि मालू दोघी बघत राहिलो. मग मी मुरुमाच्या ढिगाकडे बोट केलं, आणि त्यांनी त्याचा फोटो काढला.